वीतभर अंतरावरचा आवाज

आत्या तार सप्तकात शिरताना मान किंचित मागे घ्यायची. भजनी मंडळाच्या कार्यक्रमात माईक एकच असायचा. त्याच्यासमोर ती, डाव्या हाताला पेटी, उजवीकडे तबला आणि टाळ घेतलेल्या बायका पार मागे, भिंतीला टेकून. गजर वर चढला की आत्याचं डोकं मागे जायचं, मंद्रातली ओळ आली की ओठ माईकच्या जाळीपाशी यायचे. लहानपणी मला ती तिची लकब वाटायची. डोंबिवलीतल्या आमच्या घरात रेकॉर्डिंग शिकायला लागून दोन वर्षं झाली, तेव्हा लक्षात आलं की आत्या गाता गाता मिक्सिंग करत होती.

तिचे अभंग घरच्या घरी नीट रेकॉर्ड करायचे, एवढ्यासाठीच मी हे शिकायला घेतलं. सुरुवात बहुतेकांची होते तशीच झाली. आधी माईक घेतला, मग तो लावायचा कुठे याचा विचार केला. दहा बाय बाराची खोली, खाली फरशी, मधोमध स्टँड आणि स्टँडपासून दोन हात लांब आत्या. पहिलं गाणं ऐकून ती म्हणाली, "अरे, मी पाण्याच्या टाकीत बसून गायले का?" माईक चांगला होता, आवाज नेहमीचाच लागला होता. जे बिघडलं ते त्या दोन हातांत बिघडलं होतं. मी मात्र कित्येक महिने त्याचा उपाय सॉफ्टवेअरमध्ये शोधत राहिलो.

आता कुणी मला विचारलं की घरच्या रेकॉर्डिंगमध्ये आधी काय शिकू, तर मी अंतर शिका असं सांगतो. माईक कुठे ठेवायचा, गादी कुठे उभी करायची, हेडफोनमध्ये आपलाच आवाज उशिरा का येतो, पेटी गाण्याला का झाकून टाकते, एको किती घालायचा हे सगळे प्रश्न सुटे सुटे वाटतात. अंतराच्या बाजूने पाहिलं की ते एकाच घरातले निघतात.

भारतातली अगदी पहिली व्यावसायिक रेकॉर्डिंगंसुद्धा स्टुडिओत झाली नव्हती. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेडरिक गेसबर्ग कलकत्त्याला आला, हॉटेलातल्या खोल्यांत त्याने यंत्रं मांडली आणि गौहर जान यांचं गाणं मेणाच्या तबकडीवर उतरवलं. तेव्हा माईक नव्हता. एक मोठा कर्णा, त्याच्या निमुळत्या टोकाला पातळ पडदा आणि पडद्याला जोडलेली सुई, एवढंच. गाण्याच्या जोरावर पडदा हलायचा आणि सुई मेणात रेघ कोरायची. एखाद्याचा आवाज कमी-जास्त करायला बटण नव्हतं, म्हणून कोण कर्ण्यापासून किती लांब बसणार हाच सगळा निर्णय. गाणारी कर्ण्याच्या तोंडाशी, साथ तिच्या मागे. तीनेक मिनिटांत गाणं आटपायचं आणि शेवटी गौहर जान इंग्रजीतून आपलं नाव सांगायच्या, कारण ती तबकडी छापली जायची जर्मनीत आणि तिथल्या कामगारांना ती कुणाची हे कळायला दुसरा मार्ग नव्हता. गेसबर्गच्या कर्ण्यासमोरची ती बैठक आणि आमच्या मंडळाची बैठक यांत मला फारसा फरक दिसत नाही.

१९२५ च्या सुमारास विजेवर चालणारा माईक आला आणि कुजबुजसुद्धा टिपता येऊ लागली. खरा पालट झाला तो मात्र एकेक वाद्य वेगळं टिपायला लागल्यावर. अमेरिकेत लेस पॉल या गिटारवादकाने आपल्या घराच्या गॅरेजमध्ये एका तबकडीवर वाजवलेलं दुसऱ्या तबकडीवर घेत, त्यावर पुन्हा वाजवत, गिटारचे थरावर थर चढवले. १९४८ साली आलेल्या त्याच्या 'लव्हर'मधल्या सगळ्या गिटारी त्याच्याच आहेत. पुढे टेपवर चार, आठ, सोळा ट्रॅक आले. प्रत्येक वाद्याला स्वतःचा माईक मिळाला आणि प्रत्येक माईक वाद्याच्या अगदी जवळ गेला. त्यात एक गोष्ट हरवली. खोलीतली अंतरं पुसली गेली, सगळेच पहिल्या रांगेत आले. मिक्सिंग नावाचं काम तिथे उभं राहतं: प्रत्येकाला वीतभर अंतरावरून पकडायचं आणि मग ज्याची त्याची जागा त्याला परत द्यायची.

हे काम घरात आणलं कॅसेटने. १९७९ मध्ये टीअॅक कंपनीचा पोर्टास्टुडिओ १४४ बाजारात आला. साध्या कॅसेटवर चार ट्रॅक. गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने जानेवारी १९८२ मध्ये न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात, शयनकक्षात बसून त्यावर गाणी टिपली. ती खरं तर बँडला ऐकवायची कच्ची गाणी होती. बँडबरोबर स्टुडिओत पुन्हा करून पाहिली, पण कॅसेटवरचा तो एकटेपणा परत मिळेना. शेवटी कॅसेटच 'नेब्रास्का' नावाने प्रसिद्ध झाली. आपल्याकडे ए. आर. रहमान यांनी १९८९ मध्ये चेन्नईत घराच्या आवारात पंचतन रेकॉर्ड इन हा स्टुडिओ उभा केला आणि १९९२ च्या 'रोजा'चं संगीत तिथे तयार झालं. गायिका बिली आयलिशचा २०१९ चा पहिला अल्बम तिचा भाऊ फिनीयस याने लॉस एंजेलिसमधल्या आईवडिलांच्या घरी, आपल्या खोलीत केला. आज ज्याच्याकडे साधा लॅपटॉप आहे त्याच्याकडे या सगळ्यांच्या तोडीचे ट्रॅक आहेत. ऑडॅसिटी तर फुकट मिळतं. खोली मात्र ज्याची त्याची असते.

तेव्हा खोलीपासून सुरुवात करू. खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. समोरासमोरच्या उघड्या भिंती असतील तर टाळीच्या मागे एक झिणझिण ऐकू येईल, पत्र्यावर नखं फिरवल्यासारखी. ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे मीटरभर जायला त्याला तीन मिलिसेकंद लागतात. दहा फुटी खोलीत तो सेकंदाच्या एका लहानशा तुकड्यात अनेकदा या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटतो. आपला मेंदू रोजच्या बोलण्यात हे वजा करतो. माईकला तशी सवय नाही, तो आलेलं सगळं इमानाने टिपतो.

इथे अंतराचा हिशोब कामाला येतो. मोकळ्या जागेत आवाजापासून दुप्पट लांब गेलं की त्याची पातळी सहा डेसिबलने उतरते. आत्या दोन हातांवर, म्हणजे नव्वद सेंटिमीटरवर होती. तिथून ती वीतभर अंतरावर, बावीसएक सेंटिमीटरवर आली की दोनदा निम्मं अंतर झालं, म्हणून तिचा आवाज माईकमध्ये बारा डेसिबलने वाढला. भिंतींवरून परत येणारा आवाज मात्र होता तेवढाच राहिला, कारण भिंती जागच्या हलल्या नाहीत. आता माईकची पातळी बारा डेसिबल खाली घेतली की आत्या होती तेवढीच ऐकू येते आणि खोली बारा डेसिबलने मागे जाते. एक पैसा खर्च न करता टाकी गेली.

उरलेल्या खोलीसाठी कापूस. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्याचा सल्ला अजून दिला जातो, त्यावर वेळ घालवू नका. ध्वनी शोषायचा तर जाडी लागते, आणि लहरीच्या लांबीच्या साधारण चौथ्या हिश्शाएवढी जाडी असली तर काम नीट होतं. १००० हर्ट्झची लहर ३४ सेंटिमीटरची, तिच्यासाठी आठ-नऊ सेंटिमीटर पुरतात. म्हणजे घरातली जुनी कापसाची गादी. १०० हर्ट्झची लहर साडेतीन मीटरच्या जवळपास, तिच्यासाठी हातभर जाडीही कमीच. म्हणून गादी-गोधडीने झिणझिण जाते, पण खर्जातली घुमघुम जात नाही. ती टाळायला खोलीतली जागा बदलून पाहावी लागते. मधोमध आणि कोपऱ्यात बसू नये, कुठल्याच दोन भिंतींपासून सारखं अंतर ठेवू नये.

गादी कुठे उभी करायची यात मी वर्षभर चुकत होतो. मी ती माईकच्या मागे लावायचो. पण गायनाचे बहुतेक माईक समोरचं ऐकतात आणि पाठीमागचं फार कमी. माईकची समोरची बाजू गाणाऱ्याच्या तोंडाकडे, म्हणजेच गाणाऱ्याच्या पाठीमागच्या भिंतीकडे असते. त्या भिंतीवरून आलेला आवाज सरळ माईकमध्ये जातो. तेव्हा गादी आत्याच्या पाठीशी हवी. आम्ही आता तिला साड्यांच्या उघड्या कपाटासमोर बसवतो, दोन्ही बाजूंना दोन गाद्या उभ्या करतो आणि फरशीवर सतरंजीवर सतरंजी घालतो.

पंखा बंद करायचा. मे महिन्यात हे सोपं नाही, म्हणून आम्ही रात्री अकरानंतर बसतो, तेव्हा लोकलचा आवाजही विरळ होतो. फ्रिजही बंद करायचा, आणि बंद करताना गाडीची किल्ली त्यात ठेवून द्यायची. जुन्या रेकॉर्डिस्टांची ही युक्ती आहे. किल्ली काढायला जाल तेव्हा फ्रिज सुरू करायचं आठवतंच.

माईकबद्दल फार लिहिलं जातं, मी थोडंच लिहितो. कंडेन्सर माईक नाजूक, बारीकसारीक टिपणारा, त्याला ४८ व्होल्टचा फँटम पॉवर लागतो. डायनॅमिक माईक रांगडा. १९६६ पासून जगभरच्या मंचांवर दिसणारा शुअरचा एसएम ५८ हा त्यातला सगळ्यांत ओळखीचा. लहान खोलीत डायनॅमिक घ्या, तो खोली कमी ऐकतो, असं म्हणतात. अनुभव तसा येतोही, पण त्याचं मोठं कारण हे की डायनॅमिक माईकसमोर माणूस आपोआप जवळ जाऊन गातो. कंडेन्सरला तेवढंच जवळ घेतलं तर फरक बराच कमी होतो.

फार जवळ जाण्यालाही किंमत आहे. एका दिशेचं ऐकणाऱ्या माईकच्या चार बोटांवर तोंड नेलं की खर्ज फुगतो. भावगीताची हळवी ओळ त्याने ऊबदार वाटते, अभंगाचे शब्द मात्र दबून जातात. शिवाय मराठीत फ, भ, ठ, घ असे महाप्राण जागोजागी. विठ्ठलातला ठ आणि भक्तीतला भ हवेचा झोत घेऊन येतात आणि माईकच्या पडद्यावर धप्प आदळतात. पॉप फिल्टर लावा, नाहीतर भरतकामाच्या रिंगला पातळ पायमोजा ताणून तो मध्ये धरा. त्याहून चांगलं म्हणजे माईक ओठांच्या रेषेत न ठेवता कपाळाच्या उंचीवर ठेवून खाली, तोंडाकडे वळवायचा. झोत खालून निघून जातो, सूर मात्र पोचतो. अंगठा ओठांवर टेकवून करंगळी माईककडे ताणली की झाली वीत. दर टेकच्या आधी आत्या ती मोजून घेते.

आता आवाज संगणकात नेऊ. माईक आणि संगणक यांच्यामध्ये इंटरफेस नावाची डबी असते. ती विजेच्या चढउताराचे सेकंदाला ४४,१०० वेळा आकडे घेते. माणसाचा कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो आणि एखादी लहर पकडायला तिच्या दुपटीपेक्षा जास्त वेळा मोजावं लागतं, म्हणून हा आकडा. मोजणी किती बारीक, ते बिट सांगतात. एका बिटला साधारण सहा डेसिबल, म्हणजे सीडीच्या १६ बिटला ९६ आणि २४ बिटला १४४. हा हिशोब कळला की एक जुनी भीती जाते. टेपच्या काळात सुई वर वर ठेवावी लागे, नाहीतर टेपची खरखर वर यायची. २४ बिटमध्ये ती अडचण नाही. सर्वांत मोठा सूर शून्याच्या बारा डेसिबल खाली राहील एवढीच पातळी ठेवा. शून्याच्या वर काहीच नसतं. तिथे लहरीचा माथा कापला जातो आणि कापलेला माथा नंतर कुठल्याही यंत्राने परत येत नाही. गजरात माणूस तालमीपेक्षा मोठ्याने गातो, हे धरूनच पातळी लावा.

हेडफोनमधून आपलाच आवाज उशिरा आला की गाणारा बिचकतो. संगणक आकडे एकेक करून न घेता टोपलीभर घेतो. टोपली १०२४ आकड्यांची असेल तर ती भरायला २३ मिलिसेकंद, आणि आत एकदा, बाहेर एकदा, म्हणजे ४६. एवढ्या वेळात ध्वनी सोळा मीटर जातो. म्हणजे आत्याला तिचाच आवाज सोळा मीटरवरून, अंगणापलीकडून येतोय असं वाटणार, मग ती ठेक्याला कशी धरून राहील? टोपली १२८ ची केली की हेच अंतर दोन मीटरवर येतं. त्याहून सोपं म्हणजे बहुतेक इंटरफेसवर थेट ऐकण्याचं बटण असतं, ते दाबलं की आवाज संगणकात न जाताच हेडफोनमध्ये येतो.

क्लिकवर, म्हणजे हेडफोनमधल्या एकसारख्या ठोक्यावर, गायचं की नाही यावर माझं मत पक्कं आहे. अभंगाला क्लिक लावू नये. भजनी ठेका ओळीच्या शेवटी श्वास घेतो, गजरात चढतो, लग्गीत पुढे झेपावतो. पहिल्या बैठकीला शेजारचे तबलावादक काका हेडफोन काढून म्हणाले, "हे टिकटिक बंद कर बाबा, मी बाईंचा श्वास ऐकून सम घेतो." तेव्हापासून आम्ही सगळे एकाच खोलीत, एकदमच वाजवतो. मग एकाचा आवाज दुसऱ्याच्या माईकमध्ये जाणारच. त्यासाठी रेकॉर्डिस्टांचा एक जुना आडाखा आहे: माईक आपल्या वाद्यापासून जेवढा लांब, त्याच्या निदान तिप्पट लांब दुसरा माईक. आत्याचा माईक वीतभर अंतरावर, तर तबल्याचा माईक तिच्या माईकपासून तीन विती तरी दूर. तिप्पट अंतराने शेजारचा आवाज साडेनऊ डेसिबल खाली जातो. आम्ही सहा-सात विती ठेवतो आणि प्रत्येक माईकची पाठ दुसऱ्याकडे वळवतो.

तबल्यावर मी एकच माईक लावतो, दोन्ही वाद्यांच्या मधोमध, वरून दीड वीत. दोन लावले होते तेव्हा एक विचित्र अनुभव आला. दोन्ही ट्रॅक एकेकटे छान वाजत, एकत्र केले की तबला पातळ व्हायचा. एक माईक दुसऱ्यापेक्षा सतरा सेंटिमीटर लांब होता. तेवढं अंतर जायला अर्धा मिलिसेकंद लागतो, आणि १००० हर्ट्झच्या लहरीला अर्ध्या मिलिसेकंदात अर्धा फेरा होतो. एकीचा माथा, त्याच क्षणी दुसरीचा खड्डा, दोघी एकमेकींना खातात. हे घडतंय असं वाटलं तर एका ट्रॅकची दिशा उलटी करायचं बटण दाबून पाहा. आवाज भरला तर गाठ सापडली.

तबल्याचा सूर लावण्यात हयगय नको. साध्या ढोलावर मारलेल्या थापेत अनेक सूर एकमेकांशी न जुळणारे असतात. शाईच्या वजनामुळे तबल्याचे वरचे सूर मूळ सुराच्या पटीत येतात. सी. व्ही. रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० मध्ये 'नेचर'मध्ये हे मांडलं. म्हणून तबला सुरात ऐकू येतो, आणि म्हणूनच बेसुरा लागला तर लपत नाही. पंखा बंद करून तासभर बसलं की दमट हवेत पुडी उतरते. दर दोन टेकनंतर काका हातोडी घेतात, तेवढा वेळ मी काढूनच ठेवलेला असतो.

पेटीचा भाता श्वास घेतो आणि पट्ट्या खटखटतात. माईक भात्याच्या बाजूला नको, समोरून आणि थोडा वरून, हातभर लांब. टाळ आम्ही खोलीत बसवतच नाही. टाळ वाजवणाऱ्या काकू दाराबाहेर पॅसेजमध्ये बसतात, दार अर्धं उघडं. तरीही टाळ प्रत्येक माईकमध्ये ऐकू येतो, पण येतो तो लांबून, जसा देवळात येतो.

एवढं जमलं की मिक्सिंगचं बरंचसं झालेलं असतं. बाकीचं करताना मी आधी फक्त पातळ्या लावतो, तासभर दुसरं काही करत नाही, आणि आवाज बारीक ठेवून ऐकतो. मोठ्या आवाजात सगळंच छान वाटतं. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवलं की आवाज लहान केला की कानाला खर्ज फार कमी ऐकू येतो, आणि कान सर्वांत तिखट असतो तीन-चार हजार हर्ट्झच्या आसपास. शब्दांची व्यंजनं त्याच पट्ट्यात असतात. बारीक आवाजात शब्द कळले आणि ठेका हरवला नाही, तर मांडणी बरी आहे.

आमच्या मिक्समधला मोठा झगडा पेटी आणि आवाज यांचा. पेटी गाण्याच्या मागोमाग तेच सूर, त्याच सप्तकात वाजवते, आणि तिच्या सुरांतही वरच्या सुरांची गर्दी असते. आत्याचा आवाज वाढवला की पेटी लहान वाटते, पेटी वाढवली की शब्द जातात. इथे ई-क्यू, म्हणजे एकेका पट्ट्याची पातळी वेगळी कमी-जास्त करणं, लागतो. आत्याला न वाढवता पेटीतला दोन ते चार हजार हर्ट्झचा पट्टा दोन-तीन डेसिबल उतरवायचा. पेटी एकटी ऐकली तर थोडी मंद वाटेल, बरोबर ऐकली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. शब्द मात्र पुढे येऊन बसतात. आत्या काळी चारमध्ये गाते, तिचा मध्य षड्ज साधारण २०८ हर्ट्झचा आणि मंद्र पंचम १५६ चा. त्याच्या फार खाली ती जात नाही. म्हणून तिच्या ट्रॅकवरचं शंभरच्या खालचं सगळं कापलं तरी तिचं काही जात नाही. जाते ती स्टँडला लागलेली धडक, रस्त्यावरच्या टेंपोची घरघर आणि शेजारच्या डग्ग्याचा घुमारा. डग्ग्याला त्याच्या स्वतःच्या ट्रॅकवर ती जागा मोकळी मिळते.

कॉम्प्रेसर म्हणजे बटणावर हात ठेवून बसलेला माणूस. आवाज एका रेषेच्या वर गेला की तो दाबतो. चारास एक असं प्रमाण ठेवलं तर रेषेच्या वर आठ डेसिबल गेलेला सूर दोनच डेसिबल वर राहतो. तबल्यावर त्याला जरा उशिरा हात टाकू द्या, वीस-तीस मिलिसेकंदांनी. नाहीतर 'ना'ची चाटेवरची कडक बाजू बोथट होते आणि तबला उशीवर वाजवल्यासारखा लागतो. आत्याच्या आवाजावर मी त्याला जवळजवळ कामच देत नाही. तिची मान ते काम आधीच करून ठेवते. कुठे एखादा शब्द दबलाच तर तेवढ्या शब्दापुरता फेडर हाताने वर करतो. यात वेळ जातो, पण ऐकताना यंत्राचा हात जाणवत नाही.

रिव्हर्ब, ज्याला मंडळात सगळे एको म्हणतात, तो सजावटीसाठी घालतात असा समज आहे. कान त्यावरून अंतर ओळखतो. सरळ आलेला आवाज जास्त आणि भिंतींवरून आलेला कमी, तर माणूस जवळ. उलट झालं की लांब. आपण खोली गाद्यांनी मारून टाकली, आता हवी ती खोली बांधता येते. दीड-दोन सेकंद घुमणारी एकच खोली निवडायची आणि सगळ्यांना त्याच खोलीत बसवायचं, फक्त कुणाला किती पाठवायचं ते वेगळं. आत्याला थोडं. तेही तिच्या आवाजानंतर तीसएक मिलिसेकंदांनी सुरू होणारं, म्हणजे शब्द आधी पोचतो, देऊळ मागून येतं. पेटी-तबल्याला तिच्याहून जरा जास्त, टाळाला सगळ्यांत जास्त. पेटी किंचित डावीकडे, तबला किंचित उजवीकडे, ती मध्ये.

मग तेच गाणं मोबाइलच्या स्पीकरवर ऐकायचं. त्यातून डग्ग्याचा मूळ सूर बाहेर येतच नाही. तरी घुमारा ऐकू येतो, कारण वरचे सूर ओळखून कान खालचा सूर मनाने भरून काढतो. आलाच नाही तर डग्ग्याचे वरचे सूर थोडे उजळायचे. आणि गाणं इतरांच्या गाण्याइतकं मोठ्ठं वाजावं म्हणून शेवटी सगळं दाबून टाकण्याचा मोह आवरायचा. स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं हे माप) पातळीवर आणून वाजवतं. चेपून मोठं केलेलं गाणं तिथे खाली ओढलं जातं आणि नुसतं चेपलेलं उरतं.

गेल्या आषाढात आम्ही चार अभंग पुरे केले. आत्या आता एकाहत्तर वर्षांची आहे. हेडफोन तिला आवडत नाहीत, म्हणून तिला दोन स्पीकरच्या समोर, दोन्हींपासून सारख्या अंतरावर बसवलं. तिने डोळे मिटून पहिला अभंग ऐकला, बोटं मांडीवर ठेका धरत होती. गजर संपल्यावर ती म्हणाली, "टाळ अजून मागे ने. ते भिंतीपाशी बसतात."

मी टाळ दोन डेसिबल उतरवला, त्याचा रिव्हर्ब थोडा वाढवला आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं.